पडक्या सेटची बाजू

नाताळात ब्रिटिश टेलिव्हिजनवर गाजलेल्या साहसकथेची टर उडवणारा, पुठ्ठ्याच्या भिंतींचा विनोदी कार्यक्रम लागला, की जाणकारांचा निकाल ठरलेला असतो. विडंबन हे बांडगूळ. ते मूळ कृतीच्या रसावर जगतं. पैसा नाही म्हणून सेट कोसळतो आणि सेट कोसळतो म्हणून लोक हसतात, यात कला कुठे आली? सणासुदीला घरात सगळे एकत्र बसलेले असतात, तेव्हा काहीही खपून जातं. हा पूर्वपक्ष हलका नाही. त्यामागे अभिजात साहित्याबद्दलची खरी आस्था आहे, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. मी त्यासाठी ३१ डिसेंबर २०१६ रोजी बीबीसी वनवर दाखवलेला ‘पीटर पॅन गोज राँग’ समोर ठेवतो.

मिसचीफ थिएटर या मंडळीचं हे काम. हेन्री लुईस, जोनाथन सेयर आणि हेन्री शील्ड्स यांनी ते लिहिलं. कथा इतकीच, की कॉर्नली पॉलिटेक्निकची हौशी नाट्यसंस्था ‘पीटर पॅन’ करायला घेते आणि एकेक गोष्ट बिघडत जाते. डेनिस नावाच्या नटाला संवाद पाठ होत नाहीत, म्हणून ते हेडफोनमधून पुरवले जातात; मग हेडफोनमध्ये जे येईल ते, नाटकाशी काडीचा संबंध नसलेलंसुद्धा, तो इमानेइतबारे बोलून टाकतो. नाना कुत्रीचं काम करणारा धिप्पाड नट दारातल्या झडपेत अडकून बसतो. अ‍ॅनीकडे आई, मोलकरीण, टिंकर बेल परी अशा अनेक भूमिका आहेत, आणि कपडे बदलता बदलता ती मेटाकुटीला येते. निवेदक म्हणून बसलेत डेव्हिड सुशे, म्हणजे टेलिव्हिजनवरचे हर्क्यूल प्वारो. राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेरीत पडदा अर्ध्यावर अडकलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना ही मंडळी परकी वाटणार नाहीत.

पहिला आक्षेप मूळ कृतीच्या प्रतिष्ठेचा. ‘पीटर पॅन’ जन्माला कसं आलं ते आधी पाहू. १९०१ च्या उन्हाळ्यात त्याचे लेखक जे. एम. बॅरी सरे परगण्यातल्या ब्लॅक लेक कॉटेजवर राहत होते. ल्युएलिन डेव्हिस कुटुंबातली मुलं जवळच होती. त्यांना घेऊन बॅरींनी तळ्याकाठी जहाजफुटी, बेटं, चाचे असा खेळ मांडला. जंगलात वाघ हवा होता. वाघ कुठून आणणार? बॅरींचा सेंट बर्नार्ड कुत्रा पोर्थोस होता. त्याला कागदाच्या लगद्याचा वाघाचा मुखवटा चढवला आणि काम भागवलं. या खेळाच्या छायाचित्रांचं बॅरींनी एक पुस्तकही बांधून घेतलं, अवघ्या दोन प्रतींचं. त्यातली एक मुलांच्या वडिलांकडून आगगाडीत हरवली. मुखवटा घातलेला हा कुत्रा पुढे नाटकात नाना होऊन आला, आणि रंगमंचावर तिचं काम माणसानेच केलं. ज्या कृतीचं मूळच असं घरगुती आणि जुगाडू, तिच्या प्रतिष्ठेला पडकी भिंत बघून धक्का कसा बसेल?

शिवाय बॅरी स्वतः विडंबनकार होते. बॅलंटाइनच्या ‘द कोरल आयलंड’ (१८५७) सारख्या पोरांच्या साहसकथांवर त्यांचं जिवापाड प्रेम होतं; पुढे त्याच पुस्तकाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. स्टीव्हन्सनचा चाचा लाँग जॉन सिल्व्हर ज्या एकाच माणसाला घाबरायचा तो म्हणजे आपला कॅप्टन हुक, असं बॅरी सांगून टाकतात. हुक क्रूर आहे, पण सभ्यतेचे संकेत पाळले की नाही याची चिंता त्याला मरेपर्यंत सोडत नाही. चाच्यांच्या कथांकडे इतक्या प्रेमाने आणि इतक्या खट्याळपणे पाहणाऱ्या लेखकाच्या बाजूने विडंबनावर रागवायचं, म्हणजे त्यालाच नीट न वाचणं झालं.

आता बिघाडाकडे येऊ. मूळ नाटकाचा पहिला प्रयोग लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये २२ डिसेंबर १९०४ ला ठरला होता. त्याआधी रंगमंचावरची उचल-यंत्रणा कोसळली आणि तिच्यासोबत नेपथ्याचा मोठा भाग गेला. तारीख २७ वर ढकलली, नाताळातही कामगार राबले, शेवटची दृश्यं कापावी लागली. पुढची कित्येक वर्षं बॅरी संहिता बदलत राहिले आणि नाटक छापलं गेलं ते थेट १९२८ साली. ‘पीटर पॅन’चा पहिला बिघाड मिसचीफवाल्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी झालेला आहे.

दुसरा आक्षेप स्वस्ताईचा, आणि तो सर्वांत चुकीचा. गरिबी कॉर्नलीच्या संस्थेची आहे, आणि ती लिहिलेली आहे. एकावर एक रचलेले पलंग कोसळतात तेव्हा खालच्या नटाचं डोकं नेमकं कुठे असेल, हे तालमीत ठरलेलं असतं. बस्टर कीटनने १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत अंगावर घेतली आणि खिडकीच्या चौकटीतून तो सहीसलामत उभा राहिला, फरक काही इंचांचाच होता. नीट उभी राहणारी भिंत कुठलाही सुतार बांधून देईल. ठरल्या क्षणी, ठरल्या जागी, कुणालाही इजा न करता पडणारी भिंत बांधायला सुतार, नट आणि दिग्दर्शक तिघांनाही घाम गाळावा लागतो. या मंडळींच्या बिघाड-नाटकांची सुरुवात लंडनच्या इस्लिंग्टनमधल्या एका पबच्या चिमुकल्या नाट्यगृहात झाली. तिथे पैसा खरोखरच नव्हता, म्हणून काटेकोरपणा शिकावा लागला.

तिसरा आक्षेप मात्र मला मोलाचा वाटतो. नाट्यगृहात नट खरंच आपटतो. टेलिव्हिजनवर रिटेक घेता येतो, मग जोखीम कुठली? यातलं अर्धं मला मान्य आहे. कॅमेरा जवळ जातो तेव्हा धडपडीतला नेमकेपणा कधीकधी दिसून जातो. पण हा कार्यक्रम प्रेक्षकांसमोर झाला, आणि त्यांचं हसणं ऐकू येतं ते फजितीपलीकडच्या एका गोष्टीमुळे. एकही नट नाटक सोडून जात नाही. हुकच्या भूमिकेतला ख्रिस अपमानाने लाल होतो, तरी पुढचं वाक्य घेतोच. फिरता रंगमंच आवरेनासा होतो, तरी नट आपापल्या जागा शोधत धावत राहतात. साहसकथेचा गाभा हाच तर असतो: परिस्थिती उलटली तरी ठरवलेलं तडीस न्यायचं. सुबक प्रयोगात हे धैर्य पात्रांपुरतं राहतं. इथे ते नटांच्या अंगावर येऊन पडतं.

टिंकर बेल मरायला टेकते आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून तिला वाचवायचं असतं, या प्रसंगापाशी १९०४ साली बॅरींनाही धाकधूक होती. लोक गप्प राहिले तर तुम्ही वाद्यं खाली ठेवून टाळ्या द्या, असं त्यांनी वाद्यवृंदाला सांगून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही. म्हणजे हे नाटक पहिल्या दिवसापासून प्रेक्षकांच्या मदतीवर उभं आहे. २०१५ च्या ‘पॅन’ चित्रपटावर सुमारे १५ कोटी डॉलर खर्च झाले, संगणकाच्या जोरावर जहाजं आभाळात उडाली, पण प्रेक्षकाने काही पदरचं घालावं अशी जागाच त्यात उरली नाही. तारेवर लोंबकळत भिंतीला धडकणारा पीटर उडावा अशी इच्छा मात्र बघणाऱ्याला करावीच लागते.

टीका करायचीच तर ती याच मंडळींच्या नंतरच्या ‘द गोज राँग शो’ मालिकेवर करावी. तिथे दर भागाला नवं नाटक आणि हाताशी जेमतेम अर्धा तास. पात्रांचा हट्ट रुजायच्या आतच भिंती पडू लागतात, आणि अशा भागांत ‘नुसती पडझड’ हा आरोप पुष्कळदा खरा ठरतो.