एका पाठ्यपुस्तकाची शिवण

कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे पदार्थविज्ञानाचे पुस्तक हाती घेतले, म्हणजे त्याचे दोन भाग पडलेले दिसतात. पहिल्या भागात गतिशास्त्र असते: फेकलेला चेंडू, उतारावरून घरंगळणारा गोळा, लंबक आणि ग्रह. दुसऱ्या भागात उष्णता असते: तपमापक, वायू आणि वाफेचे यंत्र. पहिला भाग सहामाहीपूर्वी संपतो, दुसरा नंतर सुरू होतो. पुष्कळदा शिकविणारे प्राध्यापकही बदलतात. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा या दोहोंचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न आम्हांला पडला नाही, आणि परीक्षेत तो कोणी विचारलाही नाही. पदवी घेऊन आम्ही सरकारी नोकरीत शिरलो आणि पुस्तके ट्रंकेत गेली. दहा-बारा वर्षांनी, बदलीच्या गावी सामान लावताना, त्यांतले एक हाताशी आले. ते पुन्हा वाचताना ध्यानात आले की, या दोन भागांच्या मधे जे कोरे पान असते, त्यावर दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास लिहायचा राहून गेला आहे. ही शिवण ज्यांनी घातली त्यांच्यापैकी बहुतेकांचा पदार्थविज्ञान हा पोटापाण्याचा धंदा नव्हता. त्यांची हकीकत थोडक्यात सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ अर्थातच न्यूटनपासून. त्याचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ साली प्रसिद्ध झाला. कलनशास्त्र न्यूटनला अवगत होते, तरी ग्रंथातल्या सिद्धता त्याने बव्हंशी भूमितीच्या पोशाखात मांडल्या. विद्यार्थी आज वहीत जी कलनाची चिन्हे गिरवितो ती लायब्निट्सची, १६८४ साली प्रसिद्ध झालेली. या चिन्हांच्या भाषेत गतिशास्त्र नव्याने लिहिण्याचे काम पुढच्या शतकात झाले. ऑयलरने १७३६ मध्ये त्याला आरंभ केला, आणि १७८८ मध्ये लाग्रांजने असा ग्रंथ सिद्ध केला की, ज्यात एकही आकृती नाही. म्हणजे आमच्या पुस्तकाच्या पहिल्या भागाचा सांगाडा फ्रेंच राज्यक्रांतीच्या आदल्या वर्षीच उभा राहिला होता.

या सांगाड्यात एक वाद मात्र दीर्घकाळ धुमसत होता. पदार्थाच्या गतीचे खरे माप कोणते? देकार्तच्या अनुयायांचे म्हणणे, वस्तुमान गुणिले वेग. लायब्निट्सने १६८६ मध्ये प्रतिपादिले की, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. हॉलंडमध्ये स्ख्रावेसांडे याने पितळेचे गोळे मऊ मातीवर टाकून पाहिले. वेग दुप्पट केला तर खळगा चौपट होतो, असे त्याला आढळले. या प्रयोगांचे महत्त्व फ्रान्समध्ये ठामपणे मांडले ते एमिली द्यु शातले या विदुषीने, १७४० च्या आपल्या ग्रंथात. ‘प्रिन्सिपिया’चे फ्रेंच भाषांतर हे तिच्या आयुष्यातले अखेरचे काम. ते हातावेगळे केल्यावर १७४९ मध्ये बाळंतपणानंतर काही दिवसांतच ती वारली, आणि पूर्ण भाषांतर १७५९ मध्ये छापून निघाले.

कलनशास्त्राने हा वाद गोडीने मिटविला. बलाचे काळावर संकलन केले, तर वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार मिळतो. तेच संकलन अंतरावर केले, तर वेगाच्या वर्गाचे माप मिळते. दोन्ही पक्ष खरे होते. ते वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते, इतकेच. बल आणि अंतर यांच्या या हिशेबाला ‘कार्य’ हे नाव कोरिओलिस या फ्रेंच अभियंत्याने १८२९ मध्ये रूढ केले. वेगाच्या वर्गाच्या मापातला तो अर्धाचा गुणक, जो विसरल्यामुळे आमचे एकदा दोन गुण गेले होते, तोही त्याचाच.

पण वाद मिटला तरी हिशेब जुळेना. पितळेचा गोळा मातीत रुतला आणि थांबला. त्याची गती गेली कोठे? घसरता ठोकळा घर्षणाने थांबतो, तेव्हा खर्ची पडलेले कार्य कोणाच्या खाती जमा करायचे? आमच्यासारख्या कचेरीतल्या माणसाला हा प्रश्न चटकन कळतो. जमेची आणि खर्चाची बाजू मिळत नाही, तेव्हा रक्कम हरवली असे म्हणून वही बंद करता येत नाही. कुठले तरी खाते उघडायचे राहून गेले आहे, असेच समजावे लागते. गतिशास्त्राने मात्र ही वही दीर्घकाळ तशीच बंद ठेवली होती.

राहिलेले खाते उष्णतेचे होते; परंतु त्या बाजूची मंडळी निराळीच भाषा बोलत होती. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने अठराव्या शतकाच्या मध्यानंतर बर्फ वितळताना आणि पाणी उकळताना लागणारी सुप्त उष्णता मोजली होती. उष्णता मोजता येते, एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि या देवघेवीत घटत नाही. तेव्हा ती एक सूक्ष्म द्रव असावी, ही कल्पना अगदी स्वाभाविक होती. लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या ग्रंथात ‘कॅलरिक’ या नावाने तिला मूलद्रव्यांच्या यादीत बसविले. आज या कल्पनेला हसण्याची रीत आहे. परंतु जी कल्पना हिशेब ठेवायला शिकविते, ती चुकीची ठरली तरी व्यर्थ जात नाही.

तिला पहिला धक्का म्युनिकच्या शस्त्रागारात बसला. तोफेच्या नळीला भोक पाडण्याच्या कामावर देखरेख करताना काउंट रम्फर्ड याने पाहिले की, बोथट हत्यार घोड्यांच्या बळावर फिरत राहिले तर उष्णता निघतच राहते. नळीभोवती पाणी ठेवले, तर अडीच तासांत ते विस्तवाशिवाय उकळू लागले. जी वस्तू अमर्याद निघत राहते ती द्रव्य कशी असेल, असा सवाल त्याने १७९८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे ठेवला. दैवयोग असा की, पुढे याच रम्फर्डने लाव्हाझिएच्या विधवेशी विवाह केला.

सवाल झाला, उत्तर मात्र आकड्यांत हवे होते. ते दोघांनी स्वतंत्रपणे दिले. पहिला रॉबर्ट मायर, जर्मनीतील हाइलब्रॉनचा वैद्य. डच जहाजावरचा डॉक्टर म्हणून तो १८४० मध्ये जावाला गेला. तेथे खलाशांची शीर तोडून रक्त काढताना, शिरेतले रक्त अपेक्षेपेक्षा अधिक लालभडक असल्याचे त्याला दिसले. उष्ण हवेत शरीराला ऊब राखण्यासाठी कमी ज्वलन करावे लागते, असा त्याने अर्थ लावला. आणि तेथून उष्णता आणि कार्य ही एकाच वस्तूची दोन रूपे, या विचारापर्यंत तो पोहोचला. त्याचा पहिला निबंध एका प्रतिष्ठित नियतकालिकाने छापलाच नाही; १८४२ मध्ये दुसरा निबंध रसायनशास्त्राच्या एका पत्रिकेत प्रसिद्ध झाला. पाणी एक अंश सेल्सियसने तापविण्यास जी उष्णता लागते, ती तेवढेच पाणी ३६५ मीटर उंचीवरून पडण्याइतकी, असा हिशेब त्याने केला. खरा आकडा सुमारे ४२७ मीटर आहे. विचार अचूक होता. वायूंच्या उष्णतेचे उपलब्ध आकडे कच्चे होते. उपेक्षा, अग्रहक्काचे वाद आणि मुलांचे मृत्यू यांनी खचून त्याने १८५० मध्ये खिडकीतून उडी घेतली. तो वाचला, पण पुढे काही काळ त्याला वेड्यांच्या इस्पितळात काढावा लागला.

दुसरा जेम्स जूल, मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डमधील बिअरच्या कारखानदाराचा मुलगा. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापते ते पाहायचे, हा त्याचा प्रसिद्ध प्रयोग. वाढ अंशाच्या लहानशा भागाइतकी. ती वाचायला कसलेली नजर हवी. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने त्याचा एक निबंध नाकारला होता. १८४७ च्या ऑक्सफर्डच्या सभेत अध्यक्षांनी आपल्याला थोडक्यात आटोपते घ्यायला सांगितले, असे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. १८५० मध्ये त्याने आपला आकडा दिला: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविण्यास ७७२ फूट-पौंड कार्य लागते. आजचा आकडा ७७८ आहे. नायगाराचे पाणी १६० फूट खाली पडून एका अंशाच्या पंचमांशाइतके तापत असले पाहिजे, असेही त्याने सांगितले होते. त्याच १८४७ साली पॉट्सडॅमच्या छावणीतील लष्करी डॉक्टर हेल्महोल्ट्स याने हा सिद्धांत गणिताच्या भाषेत मांडला. मायरला दाद न देणाऱ्या नियतकालिकानेच त्यालाही परत पाठविले; त्याने निबंध पुस्तिकारूपाने छापला. अशा रीतीने वही एकदाची मिळाली.

तथापि वही मिळाली म्हणजे सारे संपले असे नाही, हेही आम्ही कचेरीतच शिकलो. खात्यावर रक्कम शिल्लक असते, पण ती खर्च करता येईलच असे नसते. उष्णतेच्या व्यवहारातली ही मेख वीस-पंचवीस वर्षे आधीच एकाने ओळखली होती. सादी कार्नो हा फ्रेंच सैन्यातला तरुण अभियंता. १८२४ मध्ये त्याने वाफेच्या यंत्रावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. यंत्र कितीही उत्तम असो, उष्णतेपासून मिळणाऱ्या कार्याची कमाल मर्यादा भट्टी आणि थंडावा यांच्या तपमानांवरच ठरते, हे त्याचे सार. आजच्या सूत्राने पाहता, शंभर अंशांच्या वाफेवर चालून तीस अंशांच्या पाण्यात उष्णता सोडणारे निर्दोष यंत्रसुद्धा शंभरांतले एकोणीसच भाग कामी लावू शकते. पुस्तकाकडे कोणी लक्ष दिले नाही. १८३२ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, कार्नो पटकीने गेला. दोन वर्षांनी क्लापेरॉन या अभियंत्याने त्याचा विचार कलनशास्त्रात बसवून मांडला. तो वाचून तरुण विल्यम थॉमसन १८४५ मध्ये मूळ पुस्तकासाठी पॅरिसची दुकाने धुंडाळीत फिरला, पण पुस्तक मिळाले नाही.

हाच थॉमसन ऑक्सफर्डच्या सभेत जूलचे भाषण ऐकायला हजर होता, आणि तो पेचात पडला. कार्नोच्या हिशेबात उष्णता खर्च होत नाही, ती फक्त वरून खाली उतरते. जूलच्या हिशेबात ती खर्च होऊन कार्य बनते. दोघेही खरे कसे? १८५० मध्ये क्लाउसियसने आणि १८५१ मध्ये थॉमसनने उलगडा केला: काही उष्णता कार्य बनते, आणि उरलेली थंड बाजूकडे गेल्यावाचून राहत नाही. पुढे क्लाउसियसने कलनशास्त्राचाच आधार घेऊन आणखी एक गोष्ट दाखविली. सिमल्याला मोटारीने जा की आगगाडीने, गावाची उंची तीच राहते. प्रवासाचा खर्च मात्र रस्त्याप्रमाणे बदलतो. उष्णतेची देवघेव ही या खर्चासारखी आहे. परंतु उलट फिरविता येणाऱ्या वाटेवर तिच्या प्रत्येक सूक्ष्म अंशाला त्या वेळच्या निरपेक्ष तपमानाने भागले, की जी राशी मिळते ती उंचीसारखी वागते. १८६५ मध्ये त्याने तिला ‘एन्ट्रॉपी’ हे नाव दिले. १८७८ मध्ये कार्नोच्या भावाने त्याची जुनी टिपणे छापली, तेव्हा जगाला कळले की, उष्णता हे द्रव्य नव्हे या निष्कर्षाला तो स्वतःही मृत्यूपूर्वी आला होता.

वैद्य, कारखानदाराचा मुलगा, लष्करी अभियंता, शस्त्रागाराचा अधिकारी: अशी ही मंडळी. यावरून विद्यापीठांना नावे ठेवण्याचा मोह होतो. पण तो अन्यायाचा होईल. जूलच्या तपमापकाला थॉमसनसारख्या प्राध्यापकाचे गणित भेटले नसते, आणि कार्नोच्या पुस्तिकेला क्लापेरॉनचे कलनशास्त्र लाभले नसते, तर कदाचित दोन्ही कपाटातच राहिली असती.

आपल्या देशातही याची खूण आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन १९०७ मध्ये सरकारच्या अर्थखात्यात शिरले. कलकत्ता, रंगून, नागपूर अशा बदल्या त्यांनी पाहिल्या. कलकत्त्यात असताना कचेरी सुटल्यावर बहूबाजारातल्या विज्ञानसंस्थेत ते प्रयोग करीत. १९१७ मध्ये कमी पगार पत्करून ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथेच मेघनाद साहा होते. शिक्षणाने गणिताचे, पण वाट्याला आले पदार्थविज्ञान. उष्णतेचे शास्त्र शिकविता शिकविता ते स्वतः शिकले, आणि १९२० मध्ये त्याच शास्त्राने सूर्याच्या वातावरणातील अणूंचा उलगडा केला.

हे वाचून आम्ही उद्या रामन होणार नाही, याची आम्हांला पुरती जाणीव आहे. परंतु पदवीबरोबर अभ्यास संपला, असे मानून आम्ही जी ट्रंक बंद केली होती, ती मात्र आता उघडी ठेवली आहे. आमचा मुलगा उद्या हेच पुस्तक वाचील आणि पहिला भाग संपवून दुसऱ्याकडे वळेल. तेव्हा मधल्या कोऱ्या पानाशी त्याला क्षणभर थांबवून, मातीत रुतलेल्या गोळ्याची गती कोठे गेली, एवढे विचारावे, असा आमचा मानस आहे.