पाण्यात कळणारे बळ : पोलिओ आणि स्नायूंचे मापन

आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शाळेतच शिकलात. त्याचा दुबळ्या स्नायूंशी काय संबंध, ते या टिपणात पाहू.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील चेतापेशींवर घाला घालतो आणि स्नायू लुळे पडतात. उपचाराने फरक पडतो का, हे ठरवायचे तर आधी बळ मोजायला हवे. बॉस्टनचे अस्थितज्ज्ञ रॉबर्ट लव्हेट यांच्याकडे काम करणाऱ्या विल्हेल्मिना राइट यांनी १९१२ साली हाताने करायची चाचणी प्रसिद्ध केली. तिचे माप होते गुरुत्वाकर्षण : रुग्ण पाय स्वतः उचलू शकतो का? पुढे १९१५ मध्ये लव्हेट आणि अर्नेस्ट मार्टिन यांनी स्प्रिंगच्या काट्याने बळ मोजण्याची पद्धत मांडली.

पण एक अडचण पाहा. पायाचे वजन १० किलो असेल, तर ते पेलण्याइतके बळ नसलेला स्नायू पाय उचलूच शकत नाही. मग त्याच्यात काहीच उरले नाही असे म्हणायचे का?

आता तोच पाय पाण्यात बुडवा. त्याची घनता पाण्याच्या १.०५ पट धरली, तर त्याचे भासमान वजन जेमतेम अर्धा किलो भरते. जमिनीवर न दिसलेली हालचाल इथे दिसू लागते. लॉस एंजेलिसमध्ये चार्ल्स लोमन यांनी आणि जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९२४ पासून पाण्यातील व्यायामाची वाट धरली, ती याच बळावर.

मात्र हालचाल दिसली म्हणजे मोजमाप झाले, असे नाही. पाण्याचा रोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वेग दुप्पट, तर रोध चौपट. पायाचा आकार आणि पाण्यातील भोवरे यांचाही हिशेब ठेवावा लागतो. शिवाय पाण्यात चालणारा माणूस जमिनीवर चालेलच असे नाही. रूझवेल्ट यांना शेवटपर्यंत पायांना पोलादी आधार लावूनच उभे राहावे लागले.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ साली ० ते ५ अशी श्रेणी रूढ केली. तिच्यातील २ म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा अडसर काढल्यावर होणारी हालचाल. स्नायूंच्या आजारात १ आणि २ मधले अंतर रुग्णाला फार मोलाचे असते.

म्हणून प्रयोगशाळेत काटा शून्यावर दिसला, की आधी विचारा : हे शून्य वस्तूचे, की आपल्या मोजण्याच्या पद्धतीचे?