मसाला शेंगदाणे घरीच करा, पण आधी दाणे निवडून घ्या

भुईमूग काढणीनंतर घरात दाणे असतातच. बेसन-तिखट लावून त्याचेच मसाला शेंगदाणे होतात. मात्र पहिलं काम निवडण्याचं.

निवड : बुरशी आलेले, काळे पडलेले, सुरकुतलेले, कडवट दाणे बाजूला काढा. बुरशीमुळे दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. ते यकृताला घातक आहे आणि भाजून, तळूनही पूर्ण जात नाही. असे दाणे गाई-म्हशींनाही घालू नका, विष दुधात उतरतं.

साहित्य : दाणे 2 वाट्या, बेसन पाऊण वाटी, तांदळाचं पीठ 2 चमचे, तिखट 2 चमचे, हळद, हिंग, ओवा, चवीपुरतं मीठ, तळायला तेल.

कृती : दाणे ओले करून निथळून घ्या. पीठ-मसाला एकत्र करून थोडा थोडा दाण्यांवर भुरभुरा, मधेमधे पाण्याचा हबका मारा. पाणी जास्त झालं तर गोळे होतात. मध्यम आचेवर सुटे सुटे सोडून तळा. तेल फार तापलं तर वरून लाल, आत कच्चे राहतात.

वेगळी चव : गरम दाण्यांवर चाट मसाला किंवा तळलेला कढीपत्ता चुरून टाका. तेल नको असेल तर दाणे मिठाच्या गरम पाण्यात 10 मिनिटं ठेवून सुकवा आणि लोखंडी कढईत जाड मिठात भाजा. खारे शेंगदाणे तयार.

साठवण : पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरा, नाहीतर मऊ पडतात.

लक्षात ठेवा : 5 वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकू शकतात. विकायचे असतील तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते.