धाराशिव प्रांतांतील किरकोळ दुकानदारीचें भांडवल

सावकारीच्या इतिहासांत मोठमोठ्या पेढ्याच डोळ्यांपुढें येतात. लष्कराचा पगार, मुलुखाचा वसूल, सरदारांचीं कर्जें यांचे कागद दप्तरांत राहिले व त्यांवर पुष्कळ लिहिलेंही गेलें. परंतु गांवच्या पेठेंत गूळ, मीठ, तेल व कापड विकणाऱ्या लहान दुकानदारास भांडवल कोण देई, कोणत्या अटीवर देई व तें बुडालें तर कोणाचें बुडे, हा प्रश्न बहुतेक उपेक्षितच राहिला आहे. धाराशिव जिल्ह्यापुरता त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

हा मुलूख व्यापारास नवा नाहीं. तेर म्हणजेच ग्रीक प्रवासवृत्तांतील तगर, असें फ्लीट यानें १९०१ सालीं प्रतिपादिलें. त्या वृत्ताप्रमाणें येथील कापड गाड्यांतून भडोचेस जात असे. प्रस्तुत विषयास मात्र अलीकडचा काळ पुरे. १८५३ च्या तहानें नळदुर्ग-धाराशिव हा भाग इंग्रजांकडे गेला व १८६० त निजामाकडे परत आला. त्यामुळें बार्शी व सोलापूर इंग्रजी अमलांत, आणि परांडें, भूम, कळंब, तुळजापूर हीं मोंगलाईंत, अशी सरहद्द पडली. १८९७ त कुर्डुवाडीहून बार्शीस लहान रूळमार्ग आला व १९११ त तो लातुरास पोंचला. (लातूर तेव्हां याच जिल्ह्यांत होतें; तें १९८२ सालीं वेगळें झालें.) माल भरण्याची सोय यानें वाढली, परंतु सरहद्द होती तेथेंच राहिली.

या सरहद्दीचा अर्थ दुकानदाराच्या वहींत पाहावा. बार्शीस भाव कलदार रुपयांत, आणि गांवीं विक्री हाली शिक्क्यांत. सामान्यतः शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत. शिवाय करोडगिरीच्या नाक्यावर शेंकडा पांच प्रमाणें जकात. म्हणजे शंभर कलदारांचा माल नाक्यापलीकडे येईपर्यंत १२२ रुपये ८ आणे हाली लागत, गाडीभाडें निराळें. मालाची किंमत उधार ठेवतां येई, परंतु जकात नाक्यावरच मोजावी लागे. जो दुकानदार सर्वस्वीं उधारीवर जगे, त्यासही एवढी रोकड जवळ बाळगणें प्राप्त होतें.

आतां ही उधारी देणारा कोण? लहान दुकानदार सावकाराकडून रोख रक्कम काढून धंदा करी, असा एक सरसकट समज आहे. आमच्या मतें तो अपुरा आहे. त्यास पैसा क्वचित् व माल पुष्कळ वेळां कर्जाऊ मिळे, आणि धनको असे तो घाऊक व्यापारी अथवा आडत्या. हा व्यापारी दुकानदारावर मुदती हुंडी काढी; दुकानदारानें ती सकारली म्हणजे पेढीवर बट्टा कापून तिचे पैसे मुदतीपूर्वींच उचलतां येत. अशा रीतीनें सावकाराचा पैसा दुकानांत येई खरा, परंतु घाऊक व्यापाऱ्याच्या हातून. फेड करतांना स्थानिक पेढीस हुंडणावळ देऊन बार्शीवरची दर्शनी हुंडी घ्यावी, हा सुरक्षित मार्ग. हुंडींत रक्कम लिहून तिची निम्मी व त्या निम्म्याची दुप्पट असें पुन्हा नोंदीत, जेणेंकरून खाडाखोड साधूं नये. हुंडी हरवली तर पेठ, तीही हरवली तर परपेठ मिळे. पतीचें हें यंत्र नीटनेटकें होतें, यांत शंका नाहीं.

परंतु त्याचें टोंक शेवटीं शेतांत जाऊन रुते. गांवचें गिऱ्हाईक सुगीवर पैसे देणार. म्हणून दुकानदाराची मुदतही सुगीची. पाऊस चुकला कीं गिऱ्हाइकाची बाकी राही, हुंडीची मुदत मात्र राहत नसे. एकदां हुंडी परतली कीं पेठेंत पत गेली, आणि पत हेंच ज्याचें भांडवल त्याचें दुकानही गेलें. घाऊक व्यापाऱ्याचा धोका अनेक गांवांत विभागलेला असे, दुकानदाराचा एकाच शिवारांत. एवढ्या अंतरानेंच दोघांचें भवितव्य निराळें होई.

पुढें १३४९ फसलींत, म्हणजे १९३९-४० त, संस्थानांत सावकारीचा कायदा झाला. परंतु जें व्याज मालाच्या भावांतच मुरलें आहे, तें वेगळें काढणें कोणत्याही कायद्यास अवघडच. १९४२ त हैदराबाद स्टेट बँकेनें काम सुरू केलें. तथापि ज्याच्यापाशीं तारण ठेवण्यासारखें कांहीं नाहीं, त्यास पेढी जवळची वाटावी हें स्वाभाविक होय. २०१५ च्या मुद्रा योजनेनें दहा लाखांपर्यंत विनातारण कर्जाची सोय केली, ती या जुन्या अडचणीवरच बोट ठेवते.

या जिल्ह्यांत जुन्या दुकानांच्या रोजकीर्दी व खतावण्या अद्याप माळ्यांवर असतील, तर त्या रद्दींत जाण्यापूर्वीं पाहावयास हव्यात. त्यांत केवळ व्याजाचें खातें शोधूं नये; एकाच मालाचा रोखीचा व उधारीचा भाव दोन निराळ्या पानांवर कोठें पडला आहे, तें पाहावें.