शनिवारच्या रात्रीचा आरसा

उपहास हा श्रद्धेचा वैरी आहे, असा समज आपल्यात रूढ आहे. परंतु कर्मेल पर्वतावर बआलच्या पुजाऱ्यांना एलीया संदेष्ट्याने, तुमच्या दैवताला झोप तर लागली नाही ना, असे डिवचले, तेव्हा तोही उपहासच होता. विसाव्या शतकात हे काम दूरचित्रवाणीने हाती घेतले. त्या इतिहासातील एक प्रकरण आम्हांला विशेष विचार करण्याजोगे वाटते, कारण त्यात आपल्या श्रद्धेचीही थट्टा झाली होती.

२४ नोव्हेंबर १९६२ रोजी, शनिवारी रात्री, बीबीसीवर 'दॅट वॉज द वीक दॅट वॉज' हा कार्यक्रम सुरू झाला. निर्माते होते नेड शेरिन आणि सूत्रधार अवघ्या तेवीस वर्षांचा डेव्हिड फ्रॉस्ट. सरत्या आठवड्यातील घडामोडींवर गाणी, प्रहसने आणि वादविवाद थेट प्रक्षेपित होत. त्यापूर्वी बीबीसीवर मंत्र्यांची अशी उघड टिंगल कुणी ऐकली नव्हती. महासंचालक ह्यू ग्रीन यांनी मात्र या तरुणांना मोकळीक दिली. १९५९च्या निवडणुकीनंतर संसदेत तोंडही न उघडलेल्या सदस्यांची नावे प्रेक्षकांना ऐकवण्यात आली. गृहमंत्री हेन्री ब्रुक यांच्या कठोर निर्णयांचा पाढा त्यांच्याच जीवनगौरवाच्या थाटात वाचला गेला. पंतप्रधान मॅकमिलन स्वतः या थट्टेचे लक्ष्य होते; तरीही, दुर्लक्षिले जाण्यापेक्षा हसले जाणे बरे, अशा आशयाची समज देऊन त्यांनी आपल्या मंत्र्याला कारवाईपासून परावृत्त केले. सत्ताधाऱ्याच्या अंगी असे औदार्य क्वचितच आढळते.

जानेवारी १९६३ मध्ये धर्माची पाळी आली. ग्राहकांसाठी वस्तूंची पारख करणारे 'विच?' हे नियतकालिक १९५७ पासून इंग्लंडमध्ये निघत होते. त्याच्याच कोरड्या भाषेत फ्रॉस्टने निरनिराळ्या धर्मांची तुलना केली: त्यात घालायचे काय, हाती लागते काय आणि खर्च किती? कॅथोलिकांचे पापनिवेदन हे जणू यंत्रातील दोष दुरुस्त करणारी सोय ठरले. माफक खर्चात मिळणारा उत्तम माल म्हणून अखेर 'चर्च ऑफ इंग्लंड'ची शिफारस झाली.

अनेक श्रद्धावंत दुखावले. त्यांचे दुःख खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. संस्काराला यंत्राची उपमा कुणाला रुचेल? तथापि त्या बाणाचे टोक नेमके कुणाकडे होते, हेही पाहिले पाहिजे. कमीत कमी त्यागात अधिकाधिक समाधान शोधणाऱ्या ग्राहकाचे ते चित्र होते, आणि तो ग्राहक देवळाच्या बाकावरही बसलेला असतो. ऑक्टोबर १९६२ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ख्रिस्तसभा स्वतःच आत्मपरीक्षण करीत होती. मित्राने दाखवलेला दोष आणि टवाळाने दाखवलेला दोष यांत हेतूचा फरक असेल, पण दोष तोच असू शकतो.

पुढे १९६४ हे निवडणुकीचे वर्ष असल्याचे कारण देऊन बीबीसीने कार्यक्रम वर्षअखेरीस थांबवण्याचे नोव्हेंबर १९६३ मध्ये जाहीर केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २२ नोव्हेंबरला, अमेरिकेचे पहिले कॅथोलिक अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सगळे विनोद बाजूला ठेवून त्याच मंडळींनी सुमारे वीस मिनिटांची गंभीर श्रद्धांजली सादर केली. ती अमेरिकेतही दाखवली गेली, आणि सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री यांनी ती तेथील काँग्रेसच्या कामकाजात नोंदवून घेतली.

२८ डिसेंबर १९६३ रोजी शेवटचा भाग झाला. पुढील ऑक्टोबरात, हा कार्यक्रम नसतानाही, सत्ताधारी पक्ष निवडणूक हरलाच. हास्य बंद केल्याने कुणाचे आसन स्थिर होत नाही.

उपहासाची पारख करायची तर आम्ही दोन प्रश्न विचारू. तो बलवंतांना बोचतो की दुबळ्यांना? आणि रडण्याची वेळ आली की त्याला थांबता येते काय? या मंडळींनी पहिल्या कसोटीत अधूनमधून ठेच खाल्ली असेल. दुसरीला मात्र ती पुरेपूर उतरली. आपली थट्टा होईल तेव्हा निषेधाचे पत्र जरूर लिहावे. फक्त त्याआधी क्षणभर आरशात डोकावावे, एवढेच आमचे मागणे आहे.