हलगी आणि व्हायोलिन : एक लादलेले वाद्य, एक निवडलेले वाद्य

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही पाच कार्यकर्ते दर रविवारी सकाळी नाशिक रोडच्या एका विहाराच्या मागच्या खोलीत दोन वाद्ये शिकत आहोत, हलगी आणि व्हायोलिन. पाचही जण तिशी ओलांडलेले. कोणी शिक्षक, कोणी कंपनीत कामगार, कोणी आमच्यासारखे सामाजिक कामात. पाचांपैकी एकाच्याही घरात वाद्य नव्हते. वस्तीत बातमी फुटल्यावर दोन प्रकारची टीका झाली. तरुण म्हणाले, "व्हायोलिन? हे काय ब्राह्मणी नखरे?" वडीलधारे म्हणाले, "हलगी? जे आमच्या बापाने फेकून दिले ते तुम्ही परत घरात आणता?" या दोन्ही प्रश्नांना उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. उत्तर इतिहासात आहे, म्हणून हा लेख.

सुरुवात आपल्याच शहरापासून करू. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर सत्याग्रहाची मिरवणूक निघाली. बाबासाहेबांचे नेतृत्व, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांचे संघटन, सुमारे मैलभर लांब रांग. मंदिराचे दरवाजे बंद होते आणि पुढे पाच वर्षे लढा चालला, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण मिरवणुकीच्या अगदी पुढे कोण होते? चरित्रकार धनंजय कीर लिहितात की सर्वांत पुढे वाजंत्री पथक होते, आणि ते वाजवणारे होते लष्करात राहिलेले, स्कॉटिश लष्करी संगीताची ओळख असलेले अस्पृश्य. त्यांच्यामागे स्काउट, त्यांच्यामागे सुमारे पाचशे स्त्रिया, आणि मग तो शिस्तबद्ध जनसागर.

ज्या माणसाला गावात वाद्य वाजवायचे तर दवंडीसाठी आणि दुसऱ्याच्या वरातीसाठी, तोच माणूस इथे स्वतःच्या हक्काच्या मोर्चापुढे वाजवत चालला होता. आणि जे वाजवत होता ते त्याला जातीने दिलेले नव्हते. त्याच्या घराण्यात ते नव्हते. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली गेली. लष्कराचा दरवाजा असा उघडझाप करत राहिला. त्या फटीतून आत गेलेल्यांनी बंदूक, अक्षर, कवायत आणि संगीत बाहेर आणले. मोठ्या वयात शिकलेले संगीत आपल्या चळवळीच्या अग्रभागी चालले आहे. "या वयात आता काय शिकणार?" असे विचारणाऱ्यांनी ती मिरवणूक डोळ्यांसमोर आणावी.

आता हलगीकडे येऊ. गावगाड्यात वाद्य ही कला नव्हती, ते जातीचे काम होते. दवंडी महाराने पिटायची. हलगी, डफडे मुख्यतः मातंगाने वाजवायचे. देवाच्या यात्रेत वाजवायचे आणि देवळाच्या बाहेर उभे राहायचे. मोबदला म्हणजे बलुते, उरलेसुरले अन्न, जुने कापड. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटले की बहिष्कार. १८७४ च्या मुंबई वतन कायद्याने ही वंशपरंपरागत चाकरी कागदावर पक्की केली होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले, ते याच साखळीवर घाव घालण्यासाठी. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

तोवर लोकांनी कायद्याची वाट पाहिली नव्हती. महाडच्या १९२७ च्या लढ्यापासून मेलेली ढोरे ओढणे थांबले, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर तर गावोगावी वाद्येही खाली ठेवली गेली. त्याची किंमत लोकांनी उपासमारीने चुकवली. म्हणून आमच्या विहारातले एक आजोबा हलगी पाहून उठून गेले, तेव्हा आम्हाला राग आला नाही. त्यांच्यासाठी तो आवाज म्हणजे पाटलाच्या वाड्यापुढे उन्हात उभा असलेला बाप आहे. त्या आठवणीपुढे आम्ही मान झुकवतो.

पण इतिहास इथे संपत नाही, आणि पुढचा भाग आपल्याला अडचणीचा आहे. आम्हाला हलगी शिकवणारे दादा मातंग समाजातले आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी हलगी जाळावर धरली. चामडे तापून ताणले गेल्याशिवाय ती बोलत नाही. मग उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक काडी दिली आणि सहज म्हणाले, "तुम्ही सोडली ते चांगलंच केलं. आमची सुटली नाही. आणि तुम्ही सोडल्यावर तुमची पोरं आम्हाला 'वाजवणारे' म्हणायला लागली."

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी असते, म्हणून कोणी सगळी उतरंड मोडत नाही. आपण वाद्य खाली ठेवले, पण वाजवणाऱ्याबद्दलची तुच्छता खाली ठेवली का? आपल्या लग्नात हलगीवाला बोलावताना त्याला पंगतीत बसवतो की मागच्या दाराने ताट देतो? हा प्रश्न सवर्णांना विचारायचा नाही, तो आपल्याला आहे. मातंग बांधव आपल्यासोबत का येत नाहीत, यावर आपण परिषदा घेतो. एक उत्तर त्या टिपरूच्या टोकाला आहे.

दुसरीकडे बघा. नाशिक ढोल आज जगभर प्रसिद्ध आहे. ढोल-ताशा पथकांत इंजिनिअर, डॉक्टर, कॉलेजची मुले-मुली पांढरे कुर्ते घालून नाव नोंदवतात, महिना-दोन महिने सराव करतात. त्यांना कोणी अपवित्र म्हणत नाही. वर्तमानपत्रे त्याला संस्कृती म्हणतात. चामडे तेच, काठी तीच. जन्माने वाजवले की हलके काम, हौसेने वाजवले की संस्कृती. म्हणजे विटाळ वाद्यात कधीच नव्हता, तो माणसावर चिकटवलेला होता. दक्षिणेत तर हे आणखी उघडे दिसते. मृदंगम सभागृहात पूज्य मानला जातो, पण त्याचे कातडे कमावून तो घडवणारे अनेक कारागीर दलित ख्रिस्ती. त्यांच्यावर टी. एम. कृष्णा यांनी पुस्तक लिहिले, तेव्हा २०२० साली चेन्नईच्या कलाक्षेत्राने प्रकाशनासाठी दिलेली जागा ऐनवेळी नाकारली.

तमिळनाडूने याच प्रश्नाला उत्तरही दिले आहे. 'परई' या डफावरून एका समाजाचे नाव पडले आणि त्या नावावरून इंग्रजीत बहिष्कृत माणसासाठी शब्द तयार झाला. तिथल्या दलितांनी आधी सवर्णांच्या प्रेतयात्रेत परई वाजवणे नाकारले. नंतरच्या पिढीने तोच परई स्वतःच्या सभेत, स्वतःच्या अटीवर हातात घेतला. २०१८ च्या जानेवारीत चेन्नईत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' मंचावर आले, दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने, तेव्हा गिटारशेजारी परई होता. क्रम लक्षात घ्या: आधी नकार, मग स्वीकार. नकाराचा हक्क मिळवल्याशिवाय केलेला स्वीकार ही चाकरीच असते. आपल्या आजोबांनी नकार दिला म्हणूनच आज आम्ही ही हलगी निवडू शकतो. आम्ही त्यांचे काम पुसत नाही, पुढे नेतो.

आता व्हायोलिन. याला ब्राह्मणी म्हणणाऱ्या मित्रांना आमची विनंती आहे की पुण्याला जा. सेनापती बापट मार्गावर सिम्बायोसिसच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालयात, माईसाहेबांनी दिलेल्या वस्तूंमध्ये, बाबासाहेबांचे व्हायोलिन ठेवले आहे. राज्यघटनेचा शिल्पकार, दोन डॉक्टरेट मिळवलेला विद्वान, आयुष्याच्या उत्तरार्धात, मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शरीर पोखरलेले असताना एका वाद्याचा नवशिका विद्यार्थी झाला. आपण बाबासाहेबांचे ग्रंथ सांगतो, अठरा तासांचा अभ्यास सांगतो, पण हे व्हायोलिन भाषणात येत नाही. जणू आनंदासाठी काही शिकणे हे चळवळीच्या माणसाला शोभत नाही. आम्हाला वाटते, ते व्हायोलिनही एक विधान आहे. ज्याच्या जातीला कोणते वाद्य वाजवायचे हे गाव ठरवत होते, त्याने स्वतःचे वाद्य स्वतः निवडले.

व्हायोलिन युरोपातून आले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालुस्वामी दीक्षितरांनी ते कर्नाटक संगीतात आणले. कोणत्याही स्मृतीत त्याच्यावर कोणाचा अधिकार लिहिलेला नाही. मग ते उच्चवर्णीयांचे कसे झाले? वाद्य विकत घ्यायला पैसा लागतो, शिकायला गुरू लागतो, सरावाला स्वतंत्र खोली आणि मोकळी संध्याकाळ लागते. आम्हाला ते कळले ते शिकायला लागल्यावर. व्हायोलिनला पडदे नसतात, बोट केसभर सरकले तरी सूर चुकतो. पहिले दोन महिने गजातून फक्त करकर निघाली. दहा बाय दहाच्या घरात, झोपलेल्या लेकरांशेजारी ही करकर कुठे करणार? आम्हाला विहाराने खोली दिली म्हणून जमले. बंदी आता कायद्यात नाही, ती घराच्या चौरस फुटांत आहे. म्हणून प्रत्येक विहारात आणि समाजमंदिरात ग्रंथालयासारखी सरावाची एक खोली असावी, अशी आमची मागणी आहे.

मोठ्या वयात शिकताना चिडचिड होते. डोके समजते, बोटे ऐकत नाहीत. अशा वेळी आम्ही सोण थेराची गोष्ट काढतो. अतिश्रमाने पाय रक्ताळलेला सोण भिक्खूपण सोडायच्या विचारात होता. तो गृहस्थ असताना वीणा वाजवत असे. भगवान बुद्धांनी त्याला वीणेच्या तारेवरूनच समजावले: तार फार ताणली तरी वाजत नाही, फार सैल सोडली तरी नाही. आणि आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नरच्या देशवंडीचे महाकवी वामनदादा कर्डक आठवतात. ते तरुणपणी मुंबईत मजुरी करताना अक्षरओळख शिकले आणि मग आयुष्यभर भीमगीते लिहिली. २००४ साली ते नाशिकमध्येच गेले. आज त्यांची गाणी जयंतीला डीजेवर वाजतात. पण डीजेचा जनरेटर बंद पडला तर वस्तीत ते गाणे हातांनी उभे करणारे किती जण आहेत? जलशांनी जी चळवळ गावोगाव नेली, ती आता भाड्याच्या स्पीकरवर आली आहे. जयंतीच्या वर्गणीतला डीजेवर जाणारा एक भाग वाद्यांसाठी आणि शिकवणाऱ्याच्या मानधनासाठी काढला, तर वर्षभरात प्रत्येक वस्तीत वाजवणारे हात तयार होतील.

आम्ही स्वतःवर तीन अटी घातल्या आहेत. हुकुमावर वाजवणार नाही. हलगी शिकवणाऱ्या दादांचे आणि व्हायोलिन शिकवणाऱ्या सरांचे मानधन एकच राहील. आणि ज्या मातंग तरुणाला हलगी सोडायची आहे, त्याच्या सोडण्याच्या हक्कासाठीही आम्ही तितक्याच ताकदीने उभे राहू, कारण आपल्या हातातली निवड त्याच्या हातात नसेल तर आपली हलगी ही फक्त हौस ठरेल.

येत्या १४ एप्रिलला आम्ही दोन्ही वाद्ये घेऊन मिरवणुकीत चालणार आहोत. सूर चुकतील. उठून गेलेल्या आजोबांना आम्ही घरी जाऊन बोलावणे केले आहे. ते म्हणाले, "बघतो." हलगीवाले दादा मात्र येणार आहेत, मागे नाही, बॅनरसोबत पहिल्या रांगेत.

जयभीम! नमो बुद्धाय!