दीपोत्सव आणि तहनामा

कोकणांतील बेने इस्राएल लोकांच्या जुन्या सणांकडे पाहिलें असतां एक गोष्ट विशेष लक्षांत येते. अलिबाग-पेणच्या बाजूस तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' या नांवानें ओळखले जाणारे हे लोक धर्मग्रंथ जवळ नसतांहि पूर्वजांचे कित्येक सण पिढ्यान् पिढ्या पाळीत आले. त्या सणांत हनुक्का मात्र नव्हता. हा दिव्यांचा सण त्यांच्या घरीं पुढें बाहेरच्या यहुदी धर्मबांधवांच्या सहवासानें आला. त्यावरून, हा सण सुरू होण्यापूर्वींच त्यांच्या पूर्वजांनीं स्वदेश सोडला असावा, असा तर्कहि करण्यांत आला आहे. तो खरा असो वा नसो, या सणामागचा इतिहास कोल्हापूरकरांनीं मुद्दाम लक्षांत घेण्यासारखा आहे. कारण बलाढ्य मित्राचा आश्रय घेतला असतां लहान राज्याला काय मिळतें आणि त्याचें काय जातें, हा प्रश्न यरुशलेमप्रमाणेंच पंचगंगेच्या कांठींहि उभा राहिला होता.

इ. स. पूर्वी १६७ सालीं सीरियाच्या ग्रीक राजवंशांतील चौथा अँटायोकस यानें यहुदी धर्माचरणावर बंदी घातली आणि यरुशलेमचें मंदिर भ्रष्ट केलें. मोदीन नांवाच्या खेड्यांतील एका वृद्ध पुरोहितानें बंडाचें निशाण उभारलें. त्याचा पुत्र यहूदा मक्काबी यानें डोंगरदऱ्यांच्या आश्रयानें लढून मोठमोठ्या फौजा हटविल्या आणि इ. स. पूर्वी १६४ मध्यें मंदिर हस्तगत करून त्याची शुद्धि केली. त्या वेळीं एका दिवसापुरतेंच पवित्र तेल मिळालें व तें आठ दिवस जळत राहिलें, अशी कथा पुढील धर्मग्रंथांत आहे. म्हणून हनुक्काच्या आठ रात्रीं दिवे लावतात.

येथपर्यंतची कथा सर्वांस ठाऊक असते. त्यानंतर तीनच वर्षांनीं, इ. स. पूर्वी १६१ मध्यें, याच यहूदानें दोन वकील समुद्रापार रोमला पाठविले, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथांत त्या तहाचीं कलमें दिलेलीं आहेत. एकावर युद्ध ओढवल्यास दुसऱ्यानें साह्य करावें; एकाच्या शत्रूस दुसऱ्यानें धान्य, शस्त्रें, पैसा वा गलबतें पुरवूं नयेत. कलमें दिसावयास समसमान होतीं. परंतु तीं प्रसंगाप्रमाणें पाळावयाचीं होतीं, आणि प्रसंग ठरविण्याची शक्ति एकट्या रोमकडेच होती! सीरियाच्या डिमीट्रियस राजास रोमहून एक ताकीदपत्र गेलें. सैनिक एकहि निघाला नाहीं. पुढच्याच वर्षीं यहूदा मक्काबी रणांगणावर पडला. त्याच्या भावांनीं लढा चालू ठेवला आणि इ. स. पूर्वी १४२ मध्यें यहूदियाची खंडणी सुटली, ती मुख्यतः स्वतःच्या चिकाटीनें आणि सीरियांतील गृहकलहाचा लाभ घेऊन. रोमशीं तह मात्र पुनःपुन्हां ताजा करण्यांत येत होता.

आतां आपल्या राज्याकडे वळूं. १७३१ च्या वारणेच्या तहानें सातारा आणि कोल्हापूर हीं दोन राज्यें कायमचीं वेगळीं झालीं. पुढें कोल्हापूरच्या वांट्यास सततची ओढाताण आली. १७६२ ते १८१३ पर्यंत गादीवर असलेल्या शिवाजी महाराजांची हयात पटवर्धनांशीं, निपाणकरांशीं आणि पुणें दरबाराशीं झुंजण्यांत गेली. १८०२ च्या वसईच्या तहानें खुद्द पेशवेच इंग्रजांच्या छायेखालीं गेले, तेव्हां कोल्हापूरसारख्या राज्यास दुसरा आधार कोठें मिळणार? इंग्रजांनाहि कोल्हापूरकडून एक गोष्ट हवी होती. मालवणच्या आरमाराचा त्यांच्या सागरी व्यापारास उपद्रव होत असे. १७६५ सालीं त्यांनीं सिंधुदुर्ग एकदां जिंकलाहि होता. पण तो त्या वेळीं परत द्यावा लागला.

१ ऑक्टोबर १८१२ रोजीं उभय पक्षांत तह झाला. महाराजांनीं मालवण बंदर व सिंधुदुर्ग किल्ला इंग्रजांस दिला, आणि चिकोडी व मनोळी या प्रांतांवरील हक्क सोडला. इंग्रजांच्या संमतीवांचून कोणाशीं युद्ध करूं नये आणि इतर राज्यांशीं तंटा पडल्यास तो त्यांच्या निवाड्यास सोपवावा, असेंहि ठरलें. त्या मोबदल्यांत परचक्रापासून राज्याच्या संरक्षणाची हमी मिळाली. शिवछत्रपतींनीं समुद्रावर सत्ता असावी म्हणून बांधलेला किल्ला त्यांच्याच वंशजाला जमिनीवरचें राज्य राखण्यासाठीं द्यावा लागला!

या तहाचा दोष इंग्रजांनीं वचन मोडलें हा नव्हे. संरक्षणाचें वचन त्यांनीं पाळलें. पण शत्रु कोण, युद्ध केव्हां, न्याय कोणता, हें ठरविण्याचा अधिकार त्या वचनाची किंमत म्हणून गेला होता. १८१७-१८ च्या युद्धांत कोल्हापूर इंग्रजांच्या बाजूस राहिलें आणि चिकोडी-मनोळी परत मिळाली. तीच बक्षिसी बुवासाहेब महाराजांच्या कारकीर्दींत, १८२७ सालीं इंग्रजी फौज कोल्हापुरावर चालून आल्यानंतर, काढून घेण्यांत आली, आणि महाराजांनीं फौज किती ठेवावी यासहि मर्यादा पडली. बुवासाहेबांच्या पश्चात् वारस अज्ञान म्हणून कारभारहि इंग्रजांच्या हातीं गेला. १८४४ सालीं सामानगड, पन्हाळा, विशाळगड येथील गडकरी आपल्या वतनी जमिनींच्या नव्या व्यवस्थेविरुद्ध उठले. तो उठाव मोडल्यावर गडांची तटबंदी पाडण्यांत आली. १८५७ च्या उठावानंतर तर छत्रपतींचे बंधु चिमासाहेब यांना कराचीस हद्दपारींत दिवस काढावे लागले.

यहूदियांत हीच गति अधिक भयंकर रीतीनें घडली. इ. स. पूर्वी ६७ मध्यें राणी सलोमी वारली आणि तिचे दोन पुत्र, हिर्कानस व अरिस्टोब्यूलस, गादीसाठीं भांडूं लागले. रोमन सेनापति पाँपी सीरियांत आला, तेव्हां दोघांनींहि न्यायासाठीं त्याच्याकडे धांव घेतली. आम्हांस राजाच नको, असें म्हणणारे प्रजेचे प्रतिनिधीहि तेथें गेले. आपल्यावर परकी सेनापतीनें निवाडा करूं नये, असें तिघांपैकीं एकाहि पक्षास वाटलें नाहीं. दोघांचें भांडण आणि तिसऱ्याचा लाभ! इ. स. पूर्वी ६३ मध्यें पाँपीनें तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर मंदिर घेतलें आणि जेथें प्रमुख पुरोहितानेंच वर्षांतून एका दिवशीं जावयाचें, त्या गर्भगृहांत तो शिरला. यहूदियावर खंडणी बसली आणि तिचीं किनाऱ्यावरचीं नगरें काढून घेण्यांत आलीं. ज्या मंदिराच्या शुद्धीसाठीं हनुक्का आहे, तें इ. स. ७० मध्यें रोमन फौजेनेंच जाळलें.

मग १८१२ चा तह करणें ही चूक होती काय? श्रोतेहो, निवाडा इतका सोपा नाहीं. पेशवाई १८१८ सालीं बुडाली, साताऱ्याचें राज्य १८४८ सालीं खालसा झालें. कोल्हापूर मात्र १ मार्च १९४९ रोजीं मुंबई राज्यांत विलीन होईपर्यंत टिकलें. तें टिकलें म्हणूनच शाहू छत्रपतींना १९०२ सालीं मागास वर्गांसाठीं नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवतां आल्या आणि १९१७ सालीं सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करतां आला. परराष्ट्रनीति नाहीं, आरमार नाहीं, गडांना तट नाहीं, अशा राज्यांत उरलेल्या अधिकाराचा एका राजानें केलेला हा उपयोग आहे.

लहान राष्ट्रांना मित्र लागतातच. एकाकीपणाचा अभिमान त्यांना परवडत नाहीं. परंतु तहनामा वाचतांना संरक्षणाच्या कलमापाशींच डोळा अडकूं देऊं नये. शत्रु कोणी ठरवावयाचा आणि घरांतला तंटा कोणी मिटवावयाचा, हीं दोन कलमें आधीं वाचावीं. यहूदियाच्या तहांत तीं लिहिलेलीं नव्हतीं, म्हणून तिच्या राजपुत्रांनीं तीं आपल्या हातानें लिहून दिलीं. कोल्हापूरच्या तहांत पहिलें लिहिलेलेंच होतें आणि दुसरें काळानें जोडलें. हनुक्काच्या रात्रीं यहुदी घरांत दिवे लागतात, तेव्हां रोमच्या तहाची आठवण कोणी काढीत नाहीं. आठवण निघते ती आपल्या हातांनीं स्वच्छ केलेल्या मंदिराची आणि घरांतच सांपडलेल्या थोड्याशा तेलाची.